गुडघ्याची वाटेकरीण

"मागं कुत्रं लागलंय का गं तुझ्या?"

माझ्या पळण्यावर सासूबाईंनी दिलेला हा पहिला अभिप्राय. लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. मी यवतेश्वरचा घाट चढून-उतरून घामाघूम परत आलेली, आणि या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. आमच्या साताऱ्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही आत्याच म्हणते. तर आत्यांचं म्हणणं असं, की माणूस पळतो ते एसटी चुकू नये म्हणून, नाहीतर म्हैस सुटली म्हणून. घाटाच्या टोकापर्यंत जाऊन कुणी नुसतंच परत येतं का? आणि वर पाय बर्फाच्या बादलीत बुडवून बसतं?

पाय बादलीत, कारण गुडघा. उजवा. दोन वर्षं तो माझा जीव खात होता. चढावर गप्प असायचा, उतार लागला की वाटीच्या मागे कुणीतरी किसणी फिरवतंय असं वाटायचं. जिने उतरताना मी कठडा धरायची, सिनेमाला गेले तर मध्यंतरापर्यंत पाय लांब करायला जागा शोधायची. माझा नवरा रणजित फौजेत, लेहला. तो फोनवर म्हणायचा, "तू पळ गं, होईल कमी." तिकडे बसून बोलायला याचं काय जातंय!

मला भारताच्या संघातून मॅरेथॉन पळायची होती. शाळेत असल्यापासून एवढी एकच गोष्ट मी धरून ठेवली होती. दोनदा निवड थोडक्यात हुकली होती आणि आता तिशी आली होती. जानेवारीत पुण्याला निवड चाचणी होती, पहिल्या तिघी संघात. ही गेली की पुढची चार वर्षांनी, आणि तोवर मी कुठली पळतेय?

म्हणून गणपतीच्या आधी मी डॉक्टर समीना मुजावरांकडे गेले. खेळाडूंचे गुडघे त्यांच्याइतके कुणी पाहिले नसतील. माझ्या गुडघ्याचे फोटो पडद्यावर लावून त्यांनी मला समोर बसवलं.

"ही गुडघ्याची वाटी. मांडीच्या हाडाला एक खाच असते, तिच्यातून ही वरखाली सरकते. तू उतारावर पळतेस तेव्हा हिच्यावर तुझ्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मधे ही गुळगुळीत कूर्चा, म्हणजे हाडावरचं लवचीक आवरण. गंमत म्हणजे कूर्चेला स्वतःला दुखत नाही, तिच्यात नसाच नाहीत. दुखतं ते तिच्याखालचं हाड, भोवतीचं अस्तर, वाटीखालची चरबीची गादी."

"म्हणजे माझं काय मोडलंय?"

"सध्या तरी मोडलेलं काही नाही. तेच सांगतेय. दुखणं म्हणजे मोडतोड नव्हे. दुखणं ही मेंदूनं मारलेली हाक आहे, आणि तुझा मेंदू दोन वर्षं हाका मारून मारून घाबरट झालाय. आता पान हललं तरी ओरडतो. त्या भीतीनं तुझी मांडी कामच करत नाही, तू वाकडी पळतेस, आणि वाकडी पळतेस म्हणून वाटीवर आणखी भार."

त्यावरचा जुना उपाय मला पाठ होता. पळणं बंद नाही करायचं, कमी करायचं. उतार टाळायचे, मांडी आणि खुबा बळकट करायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं उरलं तर आणखी कमी करायचं. असं वर्षभर. पण माझ्याकडे वर्ष कुठं होतं?

"मग दुसरा मार्ग," डॉक्टर म्हणाल्या. "वाटेकरी."

वाटेकऱ्याबद्दल मी ऐकलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढा यंत्राचा एक तुकडा गुडघ्याच्या नसांशेजारी बसवतात. दुखण्याचे संदेश तो वाटेतच अडवतो, मेंदूपर्यंत जाऊ देत नाही. मेंदू शांत, मांडी मोकळी, माणूस सरळ पळायला लागतं. सुरुवातीची यंत्रं एवढंच करायची. खेळाडू इतके खूश झाले की हाडं झिजेस्तोवर पळाले, उड्या मारल्या, आणि मग कुबड्या घेऊन दवाखान्यात आले. हाक मारणाराच गप्प केल्यावर घरात चोर शिरला हे कळणार कसं? तेव्हा सरकारनं नियम केला, की दुखणं बंद करायचं असेल तर ते दुसऱ्या कुणातरी जिवंत माणसानं भोगलं पाहिजे. त्या माणसाच्या मांडीला पट्टा. माझ्या गुडघ्यात अडवलेला प्रत्येक संदेश मोबाईलच्या जाळ्यावरून त्या पट्ट्यात जाणार आणि त्याच्या नसांवर जसाच्या तसा वाजणार. फार झालं की त्यानं पट्ट्यावरचं बटण दाबायचं. माझ्या मनगटावरचं घड्याळ थरथरलं की मी जागच्या जागी थांबायचं.

"हे काम संगणकाला देता येत नाही?" मी विचारलं.

"संगणकाला संदेश मोजता येतात गं. पण तोच संदेश एक दिवस मुंगी चावल्यासारखा लागतो आणि एक दिवस जीव नकोसा करतो. कुठला धोक्याचा, ते सांगायला मेंदूच लागतो. आता बोल, वाटेकरी कोण?"

माझे प्रशिक्षक बोडरे सर चालणार नव्हते. जिंकण्यात ज्याचा जीव अडकलाय त्याला नियमानं बंदीच. रणजित डोंगरावर. राहिली माझी आई, कोरेगावला. पण ती बोटात काटा रुतला तरी अख्खी गल्ली गोळा करते. पहिल्याच दिवशी बटण दाबून दाबून तिनं पट्टा मोडला असता. एवढं डॉक्टरांना सांगितलं आणि तिचं नाव मी सोडून दिलं.

"सासूबाई कशा आहेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांना माझं पळणं बिलकुल आवडत नाही."

"मग फारच छान. त्या तुला पहिल्या संधीला थांबवतील. असंच माणूस हवं."

घरी येऊन मी विचारलं तेव्हा आत्या लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "मंजे तुझं दुखणं मी घ्यायचं?"

"काही महिने. जमत नसेल तर नको, आत्या. जबरदस्ती नाही."

"आन मी बटन दाबलं की तू थांबनार?"

"थांबावंच लागेल."

"मग घालते की पट्टा. तेवढंच तुला घरात बसवायला बरं." आणि मिश्कील हसल्या. बाईला माझ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हत्यार मिळालं होतं.

मला तुकडा आणि आत्यांना पट्टा बसवला त्या दिवशी डॉक्टरांनी मला दवाखान्याचा जिना उतरायला सांगितलं. मी सवयीनं कठडा धरला. एक पायरी, दुसरी, तिसरी. काहीच नाही! दोन वर्षांनी गुडघा मुका झाला होता. मी कठडा सोडला, धडाधड खाली उतरले, पुन्हा वर आले, पुन्हा उतरले. मला रडूच आलं. वर पाहिलं तर आत्या खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेल्या, चेहरा पांढराफटक.

"एवढं घिऊन पळत हुतीस व्हय गं?" त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवसापासून कुत्र्याचा विषय बंद झाला.

आमच्या घरात काय बदललं ते सांगते. पहाटे मी उठायच्या आधी ओट्यावर नाचणीची आंबील तयार. मी जरा लोळत पडले की दाराशी आवाज, "उन्हं वर आली, कवा जानार?" परत आले की आधी माझ्या तोंडाकडे नाही, गुडघ्याकडे बघायच्या. तिळाचं तेल कोमट करून स्वतःच्या हातानं चोळायच्या, आणि चोळता चोळता विचारायच्या, आज कुठल्या वळणापर्यंत गेलीस, वर वारा होता का, धुकं होतं का. बाजारात शेजारणींना सांगायच्या, "आमची ईश्वरी भारताकडनं पळनार हाय." मी लाजायची, पण आतून सुखावायची. माहेरी मला कुणी असं मिरवलं नव्हतं.

रोज संध्याकाळी दवाखान्याचा फोन यायचा. माणूस नाही, यंत्राचा गोड आवाज. "मावशी, आजचं दुखणं सोसवण्याजोगं होतं का?"

"व्हय की," आत्या म्हणायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या.

मी काही आंधळी नव्हते. एकदा त्यांना उंबऱ्याची पायरी चौकट धरून चढताना पाहिलं आणि तिथंच अडवलं.

"आत्या, खरं सांगा. जास्त होतंय का?"

"अगं, वय झालं. गुडघं काय तुझंच दुखत्यात व्हय? मला माझं बी हायेत की!" असं म्हणून त्यांनी मला असं काही झाडलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

इकडे माझं पळणं सुधारत होतं. मांडी भरली, वाकडेपणा गेला, बोडरे सर घड्याळाकडे बघून स्वतःशीच हसायचे. डिसेंबरच्या तपासणीत मात्र डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

"संदेश वाढलेत. किंचित सूजही आहे. मावशी, उतारावर काय होतं तुम्हाला?"

"काय न्हाई. जरा चावतंय."

"दाबावंसं वाटलं का बटण?"

"न्हाई बा."

डॉक्टरांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा चाळले. मग म्हणाल्या, "संदेश म्हणजे दुखणं नव्हे, हे मीच शिकवते. मावशींचा मेंदू ताजा आहे, घाबरट नाही. त्यांना जरासंच वाटतंय तर तेवढंच असणार. पण उतार कमी कर." मी कमी केले. चाचणी तोंडावर होती, तेव्हा जेवढे जमले तेवढे केले.

चाचणीच्या दिवशी पुण्याबाहेरच्या नव्या रस्त्यावर आम्ही बेचाळीस किलोमीटर पळालो. आत्यांना मी घरी राहायला सांगितलं होतं, पण त्या ऐकतात होय? नवं लुगडं नेसून शेवटच्या रेषेजवळच्या मांडवात डॉक्टरांशेजारी बसल्या. पळताना मला त्या दिवशी काय वाटलं म्हणून सांगू! पाय आपसूक पडत होते. निम्मं अंतर गेलं तरी श्वास माझ्या ताब्यात होता. पुढे पुढे उजवी मांडी जड झाली, पाय टेकताना जमीन जरा उशिरा लागतेय असं वाटायला लागलं. पण दुखत काहीच नव्हतं, आणि घड्याळ गप्प होतं. मी एकीला मागे टाकलं, मग आणखी एकीला. शेवटच्या वळणावर मी तिसरी होते, आणि तिसरीच राहिले.

रेषा ओलांडून मी दोन्ही हात वर केले. झालं! एकदाचं झालं! बोडरे सर ओरडत धावत येत होते. मी मांडवाकडे पाहिलं, आत्यांना दाखवायला.

मांडवात घोळका होता. तो फोडून मी आत शिरले. आत्या जमिनीवर आडव्या पडलेल्या. लुगड्याचा पदर तोंडात कोंबलेला, दात त्यावर आवळलेले. डॉक्टर त्यांच्या मांडीवरचा पट्टा ओढून काढत होत्या आणि तो निघत नव्हता, कारण आत्यांनी दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता. बोट बटणापासून लांब.

"आत्या!" म्हणून मी खाली बसले. पुन्हा उठता आलं नाही. खाली बघितलं तर माझा गुडघा नारळाएवढा झालेला, आणि नडगी जिकडे असायला हवी तिकडे नव्हती. मला काहीसुद्धा दुखत नव्हतं. माझ्या आयुष्यात मी इतकी कधी घाबरले नाही.

कूर्चा गेली होती आणि तिच्याखालचं हाड खचलं होतं. अनेक आठवड्यांपासून ते थोडं थोडं चिरत होतं, त्या दिवशी बसलं. शस्त्रक्रिया झाली, चालता येईल म्हणाले. पळणं विसरा म्हणाले. संघातली माझी जागा चौथ्या मुलीला मिळाली. बोडरे सरांनी हे सांगताना खिडकीकडे तोंड केलं होतं.

आत्या माझ्या खाटेशी बसलेल्या. माझा सगळा राग त्यांच्यावर निघाला.

"सांगितलं का नाही? एक बटण दाबायचं होतं, आत्या! एक बटण!"

"सोसवतंय का म्हणून इचारायचे रोज," त्या खालच्या मानेनं म्हणाल्या. "सोसवत हुतं."

पोटात कळा येत असताना शेतातली भांगलण पुरी करून मग घरी येऊन बाळंत झालेली बाई ही. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा आलेल्या पाहुण्यांना चहा करून देणारी. तिला विचारायचं, सोसवतंय का! हो म्हणण्यावाचून दुसरं उत्तर तिला कुणी शिकवलंय? डॉक्टर मुजावर दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी सोसणारं माणूस निवडलं. मला कुरकुरणारं माणूस हवं होतं. तुझ्या आईला आणायला पाहिजे होतं गं."

मार्चमध्ये माझं दुखणं मला परत द्यायचं ठरलं. शस्त्रक्रियेनंतरही गुडघ्यातला तुकडा तसाच चालू होता, आणि मी नको नको म्हणत असताना आत्यांनी पट्टा पुन्हा चढवला होता. पण गुडघा नीट सांधायचा तर राखण करायला दुखणं लागतं, ते ज्याचं त्याच्याकडे असावं लागतं. आत्यांना हे पटेना. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांचा हात धरला.

"बाई, ते माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. तिच्या पायाचं आसं झालंय, वर दुखनं कशाला? मला सवय झालीया."

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला आणि तुकडा बंद केला.

मी किंचाळले. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारात आली एवढ्या मोठ्यानं किंचाळले. शस्त्रक्रिया होऊन, औषधं चालू असताना, पलंगावर आडवं पडून हे असं. मग हाड खचत होतं तेव्हा काय असेल? आणि ते घेऊन या बाईनं आंबील केली होती, माझ्या पायाला तेल चोळलं होतं, बाजारात उभं राहून माझं कौतुक सांगितलं होतं. मला कळ सोसवत नव्हती आणि हा विचार त्याहून सोसवत नव्हता.

कळ ओसरल्यावर मी विचारलं, "तुमचं गेलं ना, आत्या?"

"गेलं की! एकदम बरं वाटतंय." आणि त्या उठल्या. उठताना त्यांचा हात उजव्या गुडघ्यावर गेला, एक पाऊल टाकलं आणि त्या लंगडल्या. पट्टा तर डॉक्टरांच्या टेबलावर पडला होता.

डॉक्टरांनी त्यांना बसवून गुडघा तपासला, फोटो काढले. गुडघा निरोगी होता, त्यांच्या वयाला शोभणार नाही इतका चांगला. मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं.

"इतके महिने तेच संदेश रोज गेले की मेंदू ते शिकून घेतो. आता बाहेरून काही आलं नाही तरी तो स्वतःच वाजवतो. हळूहळू चालणं, मनातली भीती काढणं, असे उपाय आहेत. थोडं कमी होईल. पुरतं जाईल असं मी खोटं सांगणार नाही."

रिक्षानं घरी आलो. मी कुबड्यांवर, आत्या भिंतीला धरून. ओसरीवर येईपर्यंत दोघींचा दम गेला. मी म्हणाले, "आता तरी माझ्याशी खोटं बोलू नका. नुसतं सोसायचं म्हणून गप्प बसलात असं मला पटत नाही. एकदासुद्धा दाबावंसं वाटलं नाही?"

त्यांनी अंगणाकडे तोंड फिरवलं. मग बोलल्या, आणि बोलताना माझ्याकडे बघितलं नाही.

"पट्ट्यातनं नुसतं दुखनं येत नव्हतं गं. तुझं पाऊल बी यायचं. धप, धप, धप. चढ लागला की येगळं, उतार लागला की येगळं. मी चुलीम्होरं बसून घाट चढायची. कुटलं वळान आलं ते मला हितं कळायचं. जल्मात कवा पळाले न्हाई मी. लहानपनी बी न्हाई, धाकटं भावंड सदा कडेवर." त्यांनी उजवा गुडघा हातानं दाबून धरला. "दाबलं असतं तर तू थांबली असतीस. मग ते बी थांबलं असतं. मला थांबवायचं नव्हतं, पोरी. तुझ्यासाठी म्हणून न्हाई. माझ्यासाठी."

मला वाटलं होतं, राग येईल. माझं आयुष्यभराचं एकच मागणं या बाईनं स्वतःच्या हौसेपायी घालवलं, राग यायला हवा होता. पण मी त्यांच्या कुशीत डोकं घालून हमसून हमसून रडले, आणि त्याही रडल्या. त्या धपधपीसाठी मीसुद्धा बटण दाबलं नसतं. हे माझ्याइतकं घरात दुसऱ्या कुणाला कळणार होतं?

आता आम्ही दोघी संध्याकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालतो. मी काठी घेऊन डाव्या बाजूला, त्या माझा खांदा धरून उजव्या बाजूला. सुट्टीवर आलेला रणजित मागून बघत होता, तो म्हणाला, तुम्ही दोघी अगदी एकसारख्या लंगडता. खरंच आहे ते, तोच पाय, तीच लचक. दुखणं आम्हा दोघींकडेही आहे, माझ्याकडे हाडात आणि त्यांच्याकडे डोक्यात. पळणं मात्र आता कुणाकडेच नाही.